आम्हीं लावलेले दिवे

‘काय दिवे लावलेस!’ असें आपण एखाद्याला म्हणतों, तेव्हां त्यानें उजेड पाडला असें आपल्याला मुळींच सुचवावयाचें नसतें. गेल्या दोन वर्षांत आम्हीं आमच्या मोटारीला जे दिवे लावले त्यांची हकीगत ऐकल्यावर, हा वाक्प्रचार आमच्यासाठींच राखून ठेवलेला होता असें वाचकांस वाटल्यास आमची हरकत नाहीं.

हकीगतीचा आरंभ आंबा घाटांत झाला. कोल्हापुराहून रत्नागिरीस जाणारा रस्ता मलकापूर मागें टाकून आंबा गांवापर्यंत चढतो आणि तेथून सह्याद्रीची कड उतरून साखरप्याकडे जातो. हा घाट आम्हीं लहानपणापासून एस.टी.च्या खिडकींतून पाहिलेला. त्याचें एकेक वळण ओळखीचें. परंतु आषाढांत या घाटावरून ढग जात नाहींत, ते रस्त्यावरच बसतात. रत्नागिरीस नात्यांतल्या एका वृद्ध गृहस्थांचें दुखणें एकाएकीं वाढल्याचा निरोप आला, आणि रात्रीं नवाच्या सुमारास, चार घांस कसेबसे खाऊन, आम्ही उभयतां निघालों.

घाटाच्या तोंडाशीं आलों तों रस्ताच नाहींसा झाला. त्याच्या जागीं एक राखी पडदा होता. मोठा झोत लावला कीं तो पडदा पांढरा होऊन अंगावर येई. लहान झोत, ज्याला ड्रायव्हर लोक डिपर म्हणतात, तो लावला कीं पडदा काळा होई. डोंगर कोणीकडे आणि दरी कोणीकडे हें आम्हांस आठवणीनें माहीत होतें, डोळ्यांनीं नव्हे. शेवटीं आमच्या सौभाग्यवतींनीं आपल्या बाजूची कांच खालीं केली, डोकें पावसांत बाहेर काढलें, आणि ‘पट्टी दिसते, चला. पट्टी गेली, थांबा’ असा पुकारा करीत, रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीच्या आधारानें आम्हांला घाट उतरविला. उतरावयास दीड तास लागला. साखरप्यास टपरीवर चहा घेतांना त्यांच्या केंसांतून पाणी ठिबकत होतें आणि आमचे हात अजून कांपत होते. त्याच टपरीवर एकमतानें ठराव पास झाला: गाडीचे दिवे बदलावयाचे.

कोल्हापुरास परतल्यावर आम्ही मोटारीच्या सामानाच्या एका दुकानांत गेलों. दुकानांतला तरुण मोठा हुषार होता. त्यानें आमच्या बारा वर्षांच्या गाडीकडे एक दयेचा कटाक्ष टाकला आणि म्हणाला, ‘काका, हॅलोजनचा जमाना गेला. झेनॉन टाका.’ भिंतीवर एक फळा होता. त्यावर त्यानें एक बटण दाबतांच निळसर पांढरा असा लखलखाट झाला कीं, आम्हीं डोळ्यांवर हात घेतला. वास्तविक आम्हांस शहाणपण सुचावयाचें तें त्याच क्षणीं सुचावयास हवें होतें. पण ज्या दिव्यानें आपले डोळे दिपतात तो उत्तम दिवा, अशी आमची समजूत होती.

‘किती के देऊं?’ त्यानें विचारलें. ‘चार हजार तीनशें, सहा हजार, आठ हजार?’

हा ‘के’ म्हणजे काय हें विचारण्याची आम्हांस लाज वाटली. आंकडा मोठा तितकी शक्ति मोठी, असें मनाशीं धरून आम्हीं मध्यमवर्गाच्या जुन्या रिवाजाप्रमाणें मधला आंकडा निवडला. पुढें वाचनांत आलें तें असें कीं, हा ‘के’ म्हणजे केल्विन; आणि तें दिव्याच्या जोराचें माप नसून त्याच्या रंगाचें माप आहे. मेणबत्तीची ज्योत सुमारें १९०० केल्विनची, हॅलोजन सुमारें ३२००चा, मोटारींच्या कारखान्यांत बसविला जाणारा झेनॉन सुमारें ४३००चा, आणि माध्यान्हींचा सूर्यप्रकाश सुमारें ५५००चा. त्याच्यापुढें आंकडा चढेल तशी निळाई चढते. उजेड वाढत नाहीं, उलट घटतो. म्हणजे आम्हीं पैसे उजेडाचे दिले आणि घेतला रंग!

झेनॉनचा दिवा ही वस्तु मात्र खोटी नव्हे, एवढें न्यायानें सांगितलें पाहिजे. हॅलोजनच्या दिव्यांत टंग्स्टनची बारीक तार तापून प्रकाशते. झेनॉनच्या दिव्यांत तारच नसते. एका चिमुकल्या कुपींत झेनॉन वायु आणि कांहीं धातूंचे क्षार कोंडलेले असतात. दोन टोंकांमध्यें वीस हजार व्होल्टांहून अधिक दाबाची ठिणगी पाडली कीं वायु पेटतो, क्षारांची वाफ होते, आणि मग अवघ्या सुमारें ८५ व्होल्टांवर ती ज्योत स्थिर राहते. ५५ वॉटचा हॅलोजन डिपरवर सुमारें १००० लुमेन उजेड देतो, तर ३५ वॉटचा झेनॉन सुमारें ३००० लुमेन. कमी विजेंत तिप्पट उजेड! १९९१ मध्यें जर्मनींतल्या बी.एम.डब्ल्यू. कारखान्यानें आपल्या ७ सीरीजच्या गाड्यांवर हे दिवे प्रथम आणले, तेव्हां रात्रींच्या प्रवासांत केवढी मोठी सोय झाली असेल, याची कल्पना आंबा घाट पाहिलेल्या माणसाला सहज येईल. परंतु त्या कारखान्यानें दिव्याबरोबर त्याचें घरही नवें बांधलें होतें. आम्हीं घर जुनेंच ठेवलें. सारी मेख येथें आहे.

दिवे बसविले त्या रात्रीं आम्ही मुद्दाम रंकाळ्याला एक फेरी मारून आलों. रस्त्यावरचा खडान् खडा दिसत होता. झाडांचे शेंडे दिसत होते. समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर वाळत घातलेलें लुगडें दिसत होतें. दुसऱ्या मजल्यावरचें लुगडें पाहावयास मोटारीच्या दिव्यांचें काय काम, हा प्रश्न आमच्या मनाला शिवलाही नाहीं. समोरून येणाऱ्या गाड्या आम्हांला वारंवार झोत उघडमीट करून दाखवीत. त्यांना आमचा हेवा वाटतो, असा त्याचा अर्थ आम्हीं लावला. आणि खोटें कशाला सांगावें, पन्नाशी उलटल्यानंतर कोणी आपला हेवा करीत आहे या कल्पनेनें आम्हांस बरेंही वाटलें.

भाद्रपदांत एके संध्याकाळीं पुन्हां रत्नागिरीस निघालों. मलकापूर सोडलें तों काळोख झाला होता, बारीक पाऊस लागला होता. धुकें अजून विरळ होतें. एका वळणावरून आम्ही बाहेर पडलों, तोंच समोर एक मोटरसायकल दिसली. आणि दिसते न दिसते तों ती रस्ता सोडून बाजूच्या गटारांत गेली. आमच्या गाडीचा तिला स्पर्श झाला नाहीं. मध्यें चांगलें दहा-पंधरा पावलांचें अंतर होतें. आम्ही थांबून धांवत गेलों. एक तरुण शेतकरी, त्याची बायको, आणि दोघांच्या मध्यें बसलेला चार-पांच वर्षांचा मुलगा. देवाची दया म्हणून गटार उथळ होतें आणि गवत दाट होतें. बाईचें कोपर खरचटलें होतें. मूल भेदरून गप्प झालें होतें. गड्याचा गुडघा चिखलानें माखला होता, पण तो उभा होता.

आम्हीं शिव्यांची तयारी ठेवली होती. शिव्या मिळाल्या असत्या तर हा लेख लिहिण्याची पाळी आली नसती. भांडण करून आम्ही मोकळे झालों असतों. पण तो गडी आमच्याकडे न पाहतांच, गाडी उचलतां उचलतां म्हणाला, ‘तुमची चूक हाय असं न्हाई म्हनत, साहेब. पांढऱ्या पट्टीवर नजर ठिवून चाललोतो. तुमची गाडी आली आन् पट्टीच गेली.’

पट्टीच गेली! दोन महिन्यांपूर्वीं ह्याच रस्त्याच्या पुढच्या टप्प्यावर आमच्या सौभाग्यवती पावसांत डोकें काढून ज्या पट्टीच्या आधारानें आम्हांला घेऊन गेल्या होत्या, ती पट्टी आम्हीं पैसे मोजून दुसऱ्याच्या डोळ्यांपुढून पुसून टाकली होती. त्या बाई आमच्या सौभाग्यवतींकडे पाहत होत्या आणि आमच्या सौभाग्यवती जमिनीकडे. इतक्यांत तें मूल रडूं लागलें. त्याची एक चप्पल हरवली होती. ती शोधण्यासाठीं आम्हीं गाडी वळवून दिव्यांचा झोत गटारांत टाकला. गवताचें पातें न् पातें उजळलें आणि चप्पल चटकन् सांपडली. त्या दिव्यांनीं आमच्याकडे असतांना केलेलें तेवढें एकच सत्कृत्य. दवाखान्यांत नेऊं म्हटलें, त्यांनीं नको म्हटलें. कांहीं पैसे पुढें केले, तेही त्या गड्यानें घेतले नाहींत. रत्नागिरीपर्यंत आम्ही दोघें एकमेकांशीं बोललों नाहीं.

परत आल्यावर आम्ही त्या दुकानांत न जातां आमच्या गल्लींतल्या एका वयस्कर मिस्त्र्यांकडे गेलों. त्यांनीं तक्रार ऐकून घेतली नाहीं. गाडी भिंतीसमोर उभी करावयास लावली. अंधार पडल्यावर एका बाजूला आमचा झेनॉन ठेवला आणि दुसऱ्या बाजूला आमचाच जुना हॅलोजन परत बसविला. ‘आतां भिंत बघा,’ म्हणाले. हॅलोजनच्या उजेडाला भिंतीवर एक कांठ होता. त्या कांठाखालीं उजेड, वर अंधार, आणि डावीकडे तो कांठ तिरपा वर चढलेला, म्हणजे रस्त्याची डावी कड लांबवर दिसावी आणि उजवीकडून येणाराचे डोळे अंधारांत राहावे. झेनॉनच्या उजेडाला कांठच नव्हता. तो भिंतभर, आणि भिंतीवरच्या कौलांपर्यंत, सांडला होता. ‘दिव्याचं घर हॅलोजनचं, आणि त्यात बिऱ्हाड दुसऱ्याचं. उजेड जाणार कुठं? मिळेल तिकडं!’ मिस्त्र्यांनीं निकाल दिला.

त्या घराची रचना त्यांनीं आम्हांस हातांत घेऊन दाखविली. दिव्यामागच्या चकचकीत वाटीचा प्रत्येक भाग तारेच्या जागेवरून हिशेबानें घडविलेला असतो. तार एखादा मिलिमीटर सरकली तरी हिशेब चुकतो. आमच्या जातीच्या हॅलोजनमध्यें डिपरच्या तारेखालीं पत्र्याची एक चिमुकली पळी असते. ती खालच्या बाजूचा उजेड अडविते, कारण तो वाटीच्या खालच्या अर्धाला लागून वर, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत, गेला असता. दिवा बनविणारानें अर्धा उजेड जाणूनबुजून रोखून धरला होता. झेनॉनची ज्योत तारेपेक्षां जाड, किंचित् कमानदार, टोंकांशीं अधिक तेजस्वी. ती त्या वाटीच्या हिशेबांत बसावी तरी कशी? दिव्यानें उजेड द्यावा हें आम्हांस ठाऊक होतें. दिव्यानें कोठें उजेड देऊं नये, हेंही कोणी बसून मोजून ठरविलेलें असतें, हें आम्ही पन्नाशीनंतर त्या गल्लींत शिकलों.

आणि हें केवळ मिस्त्र्यांचें मत नव्हे. युरोपांतल्या नियमांप्रमाणें २००० लुमेनांहून अधिक तेजाचे दिवे ज्या गाडीला असतील, तिला झोत आपोआप पातळीवर ठेवणारी योजना आणि दिव्याची कांच धुणारें यंत्र हीं दोन्ही लागतात. मागें ओझें पडून गाडीचें नाक वर झालें, किंवा कांचेवरच्या चिखलानें उजेड विखुरला, तर समोरच्याचे डोळे जाऊं नयेत म्हणून. आमच्या पेटींत दोन कुप्या, दोन डबे आणि थोडी वायर एवढेंच आलें होतें. आपल्याकडेही १९८८च्या मोटार वाहन कायद्याचें ५२वें कलम कारखान्यानें दिलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत फेरफार गाडींत करूं देत नाहीं. आणि १९८९चे केंद्रीय नियम सांगतात कीं, गाडीपुढें ८ मीटरवर, जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर असलेल्या माणसाचे डोळे दिपूं नयेत इतका झोत खालीं वळलेला असावा. दीड मीटर! मोटरसायकलवर बसलेल्या माणसाचा डोळा साधारण तेवढ्याच उंचीवर येतो. पूर्वीं आपल्या गाड्यांच्या दिव्यांवर मध्यें काळा ठिपका रंगविलेला असे. त्या ठिपक्याला आम्ही हांसत असूं. आतां तो आम्हांस कुंकवाइतका मंगल वाटूं लागला आहे.

झेनॉन निघाला, धुक्याचा प्रश्न मात्र राहिलाच. ‘पिंवळा दिवा धुकें फोडतो’ हें वाक्य आम्ही इतक्या जणांकडून ऐकलें होतें कीं तें खरें असलेंच पाहिजे असें वाटे. फ्रान्स देशानें तर १९३६पासून १९९३पर्यंत मोटारींना पिंवळ्याच दिव्यांची सक्ति केली होती. पण विचार केला असतां धुकें स्वतःच या प्रश्नाचें उत्तर देतें. आकाश निळें दिसतें, कारण हवेचे अतिसूक्ष्म कण निळा प्रकाश अधिक विखुरतात. धुक्याचे थेंब त्या कणांच्या मानानें फार मोठे. ते सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात, आणि म्हणूनच धुकें पांढरें दिसतें. पिंवळ्याला वाट देऊन निळ्याला परतविणारें धुकें असतें, तर घाट आम्हांस निळा दिसला असता. पिंवळ्या दिव्याचा गुण असलाच तर इतका कीं, त्यांतून निळा भाग वगळलेला असल्यामुळें पुष्कळांच्या डोळ्यांना तो कमी टोंचतो. तो धुक्याला भेदीत नाहीं; आपल्याला कमी छळतो.

धुक्याच्या दिव्याची खरी करामत रंगांत नसून जागेंत आहे. मुख्य दिवा उंचावर, म्हणजे आपल्या डोळ्यांच्या रेषेच्या जवळ. त्याचा झोत डोळ्यांपुढच्याच धुक्यावर आदळून परत येतो. धुक्याचा दिवा बंपरांत, जमिनीलगत बसवितात. त्याचा झोत पसरट, वरून सपाट कापलेला आणि जवळच पडणारा असतो. तो धुक्याखालून जाऊन रस्त्याची कड दाखवितो. दूरचें तो कांहींच दाखवीत नाहीं, दाखविण्याचें आश्वासनही देत नाहीं. धुक्यांत दूरचें पाहण्याचा हट्ट धरणें हीच मुळीं चूक. तेथें वेग उजेडाच्या मापानें बेतावयाचा असतो, उजेड वेगाच्या मापानें नव्हे.

अखेर आम्हीं काय निवडलें तें थोडक्यांत सांगतों. आमच्या गाडीच्या महाग प्रतीला कारखान्यानेंच धुक्याचे दिवे दिले होते. आमच्या प्रतींत बंपरांत नुसते खळगे ठेवून त्यांवर झांकणें लावलेलीं होतीं. तेच मूळचे दिवे आम्हीं मिस्त्र्यांकडून त्या खळग्यांत बसवून घेतले. मुख्य दिव्यांत नांवाजलेल्या कंपनीचे साधे हॅलोजन, ठरल्या वॉटचेच, नवे घातले. मग मिस्त्र्यांनीं दिव्यांपाशीं विजेचा दाब मोजला, तर तो बॅटरीपेक्षां बराच कमी निघाला. बारीक आणि जुन्या वायरींतून जातांना दाब दहा टक्के घटला तर उजेड सुमारें तीस टक्के घटतो, हें आम्हांस कोणीं सांगितलें असतें तर आम्हीं झेनॉनचें नांवही काढलें नसतें. रिले बसवून वीज जाड वायरीनें थेट बॅटरीपासून दिली. दिव्यांवरचें पॉलिकार्बोनेटचें आवरण उन्हानें पिंवळें आणि अंधुक झालें होतें, तें घांसून घेतलें. आणि शेवटीं भिंतीसमोर झोत जुळविला: दहा मीटरांत दहा सेंटिमीटर खालीं. मिस्त्र्यांनीं जुळणीचे पैसे घेतले नाहींत. ‘हा पायपुसणी टाकण्यासारखा प्रकार हाय,’ म्हणाले, ‘पाहुण्यासाठी असतो.’

एक काम मात्र मिस्त्र्यांच्या हातचें नव्हतें. सगळें झाल्यावर आमच्या सौभाग्यवतींनीं शांतपणें विचारलें, ‘गाडीच्या कांचा घांसून झाल्या, आतां तुमच्या कधीं दाखवायच्या?’ नेत्रवैद्यांनीं तपासून सांगितलें कीं चष्म्याचा नंबर बदलला आहे, आणि मोतीबिंदूची सुरुवात आहे. शस्त्रक्रियेला अवकाश आहे, पण रात्रींचें वाहन चालविणें शक्य तितकें कमी करावें. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या तरुणाच्या मानानें सुमारें एक तृतीयांशच उजेड पोंचतो, आणि दिपलेले डोळे सांवरावयासही वेळ अधिक लागतो. घरीं येतांना आमच्या ध्यानांत आलें कीं, आंबा घाटांतल्या त्या पहिल्या रात्रीं आम्हीं बारा वर्षांच्या गाडीला दोष दिला. त्यांतला कांहीं भाग अठ्ठावन्न वर्षांच्या डोळ्यांचा होता. स्वतःचें वय कबूल करण्यापेक्षां आम्हांला दुसऱ्याच्या डोळ्यांत तीन हजार लुमेन ओतणें सोपें वाटलें होतें.

यंदाच्या आषाढांत त्याच घाटांतून गेलों. दुपारींच निघालों, पण साखरपा येईतों अंधारलें. धुकें तेंच होतें. धुक्याच्या दिव्यांनीं पांच-सात पावलें रस्ता आणि डावीकडची पट्टी दाखविली, त्याहून अधिक नाहीं. गाडी ताशीं पंधराच्या वेगानें चालली होती. आमच्या सौभाग्यवतींनीं तरीही कांच खालीं केली आणि ‘पट्टी दिसते, चला’ म्हटलें. आम्हांलाही ती दिसत होती. पण आम्हीं तसें बोललों नाहीं. वाटेंत दोन-तीन मोटरसायकली वर चढून गेल्या. कोणीं आम्हांला झोत उघडमीट करून दाखविला नाहीं. आमचा हेवा करणारें आतां कोणी उरलें नाहीं.

तो झेनॉनचा संच अद्याप आमच्या माळ्यावर पडला आहे. दुकानदार निम्म्या किंमतींत परत घ्यावयास तयार होता. पण तो तेथून कोणाच्या गाडींत जाईल आणि कोणत्या वळणावर कोणाची पट्टी पुसील, या विचारानें हात पुढें झाला नाहीं. आमच्या पुतण्यानें नुकतीच जुनी गाडी घेतली आहे. ‘काका, पडूनच आहे तर मला द्या कीं,’ म्हणून तो दर रविवारीं मागतो, आणि आम्ही दर रविवारीं कांहींतरी सबब सांगतों. काका वयाबरोबर चिक्कू होत चालले, असें तो आपल्या आईजवळ बोलल्याचें कानांवर आलें आहे. पुढच्या आषाढांत त्याला एकदां आंबा घाटांतून घेऊन जाण्याचा आमचा विचार आहे. गाडी तो चालवील. आम्ही डाव्या बाजूला बसून कांच खालीं करूं.